घटक ६ : गोधडी : घरातील ऋतुकाम, शब्द आणि कुटुंबाची स्मृती

६.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस गोधडी या घरगुती वस्तूचे वर्णन नेमक्या मराठी शब्दांत करता यावे, तिच्यामागील ऋतुमान, श्रम आणि कौटुंबिक व्यवहार उलगडून सांगता यावेत, आणि आपल्याच घरातील एका गोधडीची लेखी नोंद तयार करता यावी, अशी अपेक्षा आहे. यांपैकी तिसरे उद्दिष्ट सर्वांत महत्त्वाचे आहे. पहिली दोन त्याच्या पूर्वतयारीसाठी आहेत.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, आतापर्यंतच्या घटकांत आपण ओवी, उखाणा, कहाणी अशा मौखिक रचनांचा विचार केला. या रचना शब्दांच्या असल्यामुळे त्या ऐकून लिहून घेता आल्या. डॉ. सरोजिनी बाबर यांच्या अध्यक्षतेखाली महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीने असे कितीतरी साहित्य ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या. स्वयंपाकघरातील ज्ञानही कागदावर आले. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ हे पुस्तक १९७० साली प्रसिद्ध झाले आणि अंदाजाने चालणारे काम वाटी-चमच्याच्या मापात घरोघर पोहोचले.

घरातल्या शिवणकामाच्या वाट्याला मात्र असे भाग्य फारसे आले नाही. गोधडी शिवणारी स्त्री शिवताना ओवी म्हणत असेल तर ती ओवी आपण टिपून घेतो, पण तिच्या मांडीवरची गोधडी तशीच राहते. याचे एक कारण असे, की गोधडीला आपण ‘वस्तू’ समजतो आणि वस्तू तर समोर आहेच, तिची नोंद कशाला करायची, असे आपल्याला वाटते. हे कारण किती फसवे आहे, हे या घटकात पुढे दिसेल.

येथे आपणांस एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. आपल्यापैकी अनेकजण नोकरी, शेती, घर सांभाळून शिकत आहेत. ‘आमचे वाचन कमी पडते’ अशी खंत संपर्कसत्रात नेहमी ऐकू येते. या घटकापुरती परिस्थिती उलटी आहे. ज्याच्या घरात माळ्यावर किंवा लाकडी पेटीत एखादी जुनी गोधडी आहे, आणि ती शिवणारी आजी, आत्या किंवा मावशी अजून बोलती आहे, त्याच्याजवळ असे साधन आहे जे कोणत्याही ग्रंथालयात मिळणार नाही.

६.२ जुनेर ते पोतेरे : झिजलेल्या कापडाचे शब्द

प्रथम शब्दांकडे पाहू. मराठीत झिजलेल्या कापडासाठी किती शब्द आहेत, ते आठवून पाहा. वापरून जुने झालेले लुगडे किंवा पातळ म्हणजे जुनेर. लुगड्याचा अथवा धोतराचा फाडून वेगळा केलेला मोठा तुकडा म्हणजे धडपा. नेसण्या-पांघरण्याजोगे साधे वस्त्र म्हणजे धडुते. म्हणून ‘अंगावर धड धडुते नाही’ असे म्हटले की दारिद्र्याची कल्पना येते. पुसण्यासाठी ठेवलेले ते फडके. अंथरण्यापांघरण्याचे फाटके, मळके वस्त्र ते पटकूर. अरुंद फाडलेली पट्टी ती चिंधी. कोणत्याही उपयोगाचे न राहिलेले ते चिरगुट. लोंबणारे फाटके ते लक्तर. आणि चूल किंवा जमीन सारवण्यासाठी जे भिजवले ते पोतेरे.

या शब्दांना समानार्थी समजणे चुकीचे ठरेल. प्रत्येक शब्द कापडाच्या आयुष्यातील एक मुक्काम दाखवतो, आणि त्या मुक्कामावर कापडाचा उपयोग काय हेही सांगतो. पोतेऱ्याच्या पुढे मुक्काम नाही. म्हणूनच ‘आयुष्याचे पोतेरे झाले’ हा वाक्प्रयोग इतका कडवट आहे. ‘लक्तरे वेशीला टांगणे’, ‘आभाळाला ठिगळ लावणे’ हे प्रयोगही याच घरगुती अनुभवातून भाषेत आले.

क्रियापदांची सूक्ष्मता तर याहून लक्षणीय आहे. कापड फाटते, विरते आणि उसवते. फाटते ते ओढ बसल्याने किंवा अडकल्याने. विरते ते झिजल्याने, म्हणजे धागे जागेवर असतात पण त्यांतला जीव गेलेला असतो. उसवते ती केवळ शिवण, कापड शाबूत राहते. गोधडी शिवणाऱ्या स्त्रीला हा फरक बोटांनी कळत असतो. फाटलेले कापड गोधडीला चालते, पूर्ण विरलेले चालत नाही, कारण टाका घालताच ते सुटते. तेव्हा लुगडे नेमके केव्हा नेसणे थांबवायचे, हाही निर्णय होता. फार लवकर थांबवणे परवडत नसे. फार उशीर केला तर ते गोधडीच्याही कामाचे राहत नसे.

मधला एक उपाय होता. लुगडे मध्यभागी विरले की तेवढा भाग काढून टाकीत आणि उरलेले दोन तुकडे एकमेकांना जोडीत. या जोडाला ‘दंड’ म्हणतात. दंड घातलेले लुगडे आणखी काही काळ नेसता येई. जुन्या ग्रामीण कथांतून हा शब्द वाचताना अनेक विद्यार्थी अडखळतात आणि त्याचा अर्थ शिक्षा किंवा बाहू असा लावू पाहतात. गोधडी उलगडून पाहिली तर असा एखादा दंड आजही हाताला लागतो.

आता खुद्द पांघरुणाच्या नावांविषयी. गोधडीला दक्षिण महाराष्ट्रात आणि मराठवाड्यातही वाकळ म्हणतात. तान्ह्या बाळाचे ते दुपटे. कापसाचा पातळ थर घातलेली ती दुलई, जाड थर घातलेली ती रजई. कापड चार पदरी करून अंथरले तर ती चौघडी. गोधडीत कापूस नसतो. तिची जाडी केवळ कापडाच्या थरांमुळे येते. आपल्या भागात याखेरीज वेगळे नाव असेल तर ते आपल्या वहीत उच्चारासह लिहून ठेवा. प्रमाण भाषेतील नावाने त्याची जागा भरून काढू नका.

६.३ वैशाखातील अंगण

गोधडी हे ऋतूचे काम आहे. रब्बीची सुगी संपून पहिला पाऊस पडेपर्यंतच्या, म्हणजे साधारणपणे चैत्र-वैशाखाच्या दिवसांत ती शिवली जाई. याला कारणे होती. शेतात काम कमी, दिवस मोठा, उजेड भरपूर आणि अंगण कोरडे. गोधडी पसरण्यास सहा-सात फुटांची सपाट, स्वच्छ जागा लागते. लहान घरात ती जागा अंगणाखेरीज कोठून मिळणार? शिवाय याच दिवसांत माहेरवाशिणी येत. एकीचे दोन हात चार होत आणि काम उरकता उरकता वर्षाच्या गोष्टी होत. बाळंतपणासाठी आलेली लेक असेल तर येणाऱ्या बाळाची दुपटीही त्याच बैठकीत होत. बाळाला पहिले वस्त्र जुन्या, मऊ पडलेल्या सुती कापडाचे, ही रीत पुष्कळ घरांत होती. त्यात व्यवहारही आहे, कारण पुष्कळदा धुतलेले सूत कातडीला बोचत नाही.

या अंगणावर दुसऱ्या कामाचाही हक्क असे, हे विसरता कामा नये. कुरडया, पापड, सांडगे यांची वाळवणे याच उन्हात पडत. सकाळी कुरडया घालायच्या आणि ऊन तापले की भिंतीच्या सावलीला गोधडी घेऊन बसायचे, अशी दिवसाची वाटणी असे. घरकामाला ‘फावल्या वेळातील कला’ म्हणणारे लेखक ही वाटणी पाहत नाहीत. फावला वेळ असा नव्हताच. एका कामाचे हात दुसऱ्या कामाकडे वळत, एवढेच.

गोधडीचा दुसरा ऋतू भाद्रपदाच्या अखेरचा. घटस्थापनेपूर्वी घर झाडून-सारवून घरातील सगळी अंथरुणे-पांघरुणे नदीवर, ओढ्यावर किंवा विहिरीवर नेऊन धुण्याची प्रथा महाराष्ट्राच्या पुष्कळ भागांत आहे. भिजलेली गोधडी एकट्याने उचलत नाही. ती पिळण्यास दोघी लागतात. एक या टोकाला, दुसरी त्या टोकाला, आणि दोघींनी उलट दिशांना पीळ द्यायचा. मग ती झुडपांवर, बांधावर, खडकावर वाळत घालायची. वर्षभर घरात झाकून राहिलेल्या गोधड्या या एका दिवशी साऱ्या गावाला दिसत. कोणाच्या घरी किती गोधड्या आहेत, कोणाचा टाका बारीक आहे, कोणाची गोधडी चिंध्यांवर आली आहे, हे सारे तेथे कळून जाई. आर्थिक स्थितीचे असे उघड प्रदर्शन प्रत्येकीला सुखाचेच वाटत असेल, असे मानण्याचे कारण नाही.

६.४ टाक्यांचा हिशेब

गोधडी कशी तयार होते? नऊवारी लुगडे म्हणजे नऊ वार, म्हणजे २७ फूट. त्याचे चार सारखे भाग केले तर प्रत्येक भाग पावणेसात फुटांचा होतो. ही जवळजवळ माणसाच्या अंथरुणाची लांबी. एक लुगडे चार पदरी घातले की चौघडी झाली. दोन लुगडी, एखादे धोतर आणि उरलेसुरले तुकडे मिळाले की थोरल्या माणसाची गोधडी झाली.

सर्वांत खाली एक धडके कापड पसरतात. चारही कोपऱ्यांवर वरवंटा, पाट, दगड असे काही जड ठेवतात. त्यावर कमकुवत कापडाचे थर येतात. भोके पडलेले, आखूड, रंग गेलेले, असे सारे येथे खपते. एका तुकड्याची उणीव दुसऱ्याने भरून काढायची. जुनी, फाटत आलेली गोधडीच कधी नव्या गोधडीच्या पोटात जाते. सर्वांत वर चांगले, रंगीत कापड किंवा जोडलेल्या तुकड्यांची मांडणी. मग मोठमोठे कच्चे टाके घालून सारे थर टाचून घेतात, आणि नंतर खरा धावदोरा सुरू होतो. अनेक ठिकाणी कडेने सुरुवात करून चौकोनातून चौकोन असे आत आत जात मध्यावर येतात. काही ठिकाणी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत समांतर ओळी घालतात. या ओळींमुळे कापडावर बारीक लाटा उठतात आणि थरांमध्ये हवा अडकून राहते. गोधडीची ऊब या अडकलेल्या हवेची आहे.

आता थोडे गणित करू. सहा फूट लांब व चार फूट रुंद अशी गोधडी घ्या. टाक्यांच्या ओळींत एक इंचाचे अंतर आहे असे धरा. रुंदीत ४८ ओळी बसतील आणि प्रत्येक ओळ सहा फुटांची, म्हणजे एकूण २८८ फूट शिवण झाली. इंचाला तीन टाके धरले, तरी १०,३६८ टाके होतात. ओळी अर्ध्या इंचावर घेतल्या तर त्याच्या दुप्पट. प्रत्येक टाक्याला सुई पाच-सहा थरांतून पार जाते. जाड जागी ती अंगुस्तानाशिवाय पुढे सरकत नाही, आणि अंगुस्तान प्रत्येक घरात होते असे नाही. आपल्या घरातील गोधडी घेऊन हाच हिशेब प्रत्यक्ष मोजून करा. ‘आजीने कष्टाने गोधडी शिवली’ हे वाक्य आपण सहज लिहितो. संख्या हाती आली की ते वाक्य लिहिण्याची गरज उरत नाही.

हे श्रम केवळ गरजेपोटी होते का? याविषयी अभ्यासकांत दोन टोकांची मते ऐकू येतात. कोणी गोधडीला दारिद्र्याची खूण मानतो, कोणी लोककलेचा अलंकार. प्रस्तुत लेखकाला दोन्ही मते अपुरी वाटतात. थंडी भागवायची एवढाच हेतू असता तर तुकडे जसे आले तसे शिवून चालले असते. मग चौकोनाचे त्रिकोण कशासाठी कापले? इरकली लुगड्याचा काठ नेमका चारही बाजूंनी चौकटीसारखा का फिरवला? काळ्या चंद्रकळेच्या शेजारी पिवळा तुकडा कोणी सांगितला? दुसरीकडे, हा रंगविचार करणाऱ्या स्त्रीजवळ निवडीला वाव किती होता, हेही पाहिले पाहिजे. रंग दुकानातून आणलेले नव्हते. जे फाटले त्यातूनच तिला निवडायचे होते. काहींना तर तेही नव्हते. भूमिहीन मजुरांच्या घरांत गोधडीचे तुकडे पुष्कळदा दुसऱ्याच्या घरून, कामाच्या मोबदल्यात किंवा दिलेल्या जुन्या कपड्यांतून आले. अशा गोधडीत ‘घराण्याच्या आठवणी’ शोधताना आपण जरा थांबले पाहिजे. तिच्यात दुसऱ्याच्या घराण्याची वस्त्रे आणि आपल्या घराण्याचे श्रम असतात.

जुने कापड थरांनी जोडण्याची ही रीत केवळ महाराष्ट्राची नाही. बंगालचा कांथा, बिहारची सुजनी, कच्छ व राजस्थानातील रल्ली, कर्नाटकातील कौदी ही तिचीच भावंडे आहेत. गोव्याच्या शेजारी उत्तर कन्नड जिल्ह्यात राहणाऱ्या सिद्दी स्त्रियांची कवंदी विशेष अभ्यासण्यासारखी आहे. तिच्या कोपऱ्यांत घडी घातलेल्या कापडाची त्रिकोणी ‘फुले’ शिवतात आणि ती नसतील तर कवंदी अपुरी मानली जाते. विस्तारभयास्तव येथे एवढेच.

आपली प्रगती तपासा : (अ) ‘विरणे’ आणि ‘उसवणे’ यांतील फरक स्वतःच्या वाक्यांत स्पष्ट करा. (आ) गोधडी व रजई यांच्या रचनेत कोणता मूलभूत भेद आहे? (इ) गोधडी धुण्याच्या दिवसाचे सामाजिक स्वरूप पाच-सहा ओळींत लिहा.

६.५ काठ कोणाचा?

कापडाचा आणि मराठी साहित्याचा एक प्रसिद्ध संबंध आपणांस ठाऊक असेल. अंबाजोगाईचे संतकवी दासोपंत (१५५१–१६१५) यांनी ‘पंचीकरण’ हा विषय एका लांब पासोडीवर लिहून काढला. पासोडी म्हणजे पांघरण्याचे जाड वस्त्र. दासोपंतांना जाऊन चारशे वर्षे झाली, तरी ती पासोडी अभ्यासता येते, कारण तिच्यावर अक्षरे आहेत.

अलीकडे ‘गोधडी ही एक संहिता आहे’ असे लिहिण्याची पद्धत पडली आहे. हे विधान आकर्षक आहे, पण ते जपून वापरावे. लिहिणारा गेला तरी संहिता वाचता येते. गोधडी शिवणारी गेली की गोधडी मुकी होते. निळा तुकडा निळाच राहतो, पण तो कोणाच्या सदऱ्याचा, हे सांगणारे कोणी राहत नाही. आतल्या थरांत काय आहे, हे तर शिवणारीखेरीज कोणीच पाहिलेले नसते. प्रास्ताविकात आपण म्हटले की वस्तू समोर आहे म्हणून नोंद करीत नाहीत. वस्तू समोर असते, तिचा अर्थ दुसऱ्या एका माणसाजवळ असतो आणि ते माणूस म्हातारे होत असते.

पुढील संवाद नमुन्यादाखल रचला आहे. नात आणि आजी गोधडी पसरून बसल्या आहेत.

“आजी, ह्यो निळा तुकडा कशाचा गं?”

“त्यो व्हय? तुज्या आज्याच्या सदऱ्याचा. बाजारच्या दिशी घालायचं.”

“आन् ही तांबडी कड?”

“ती माज्या आयच्या लुगड्याची. आय गेली तवा लुगडं थोरलीनं न्हेलं. मला काठ दिला फाडून.”

“तू मागितला व्हतास?”

“मागून काय करतीस. हाय त्यात शिवला.”

हा संवाद लहान आहे, तरी त्यात किती गोष्टी आल्या ते पाहा. आज्याच्या सदऱ्याबरोबर आठवड्याचा बाजार आला. आईच्या मृत्यूनंतरची वाटणी आली. थोरल्या-धाकटीचे मान आले. ‘मागून काय करतीस’ या उत्तरात एक जुनी नाराजी आहे, आणि तिच्यावर पडदा टाकण्याची सवयही आहे. आजीने ‘आठवण’ हा शब्द एकदाही उच्चारलेला नाही.

येथे थोडा कायद्याचा संदर्भ उपयोगी पडेल. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलींना वडिलांच्या स्वतंत्र मालमत्तेत वारसाहक्क दिला. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाप्रमाणे जन्मतः हक्क महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीने आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीने आला. कायद्यात हक्क आल्यानंतरही भावासाठी तो सोडून देण्याची रीत चालूच राहिली. संवादातील आजीच्या पिढीतील बहुसंख्य स्त्रियांची नावे माहेरच्या सातबाऱ्यावर कधी लागली नाहीत. माहेरहून जे आले ते अंगावर किंवा गाठोड्यात आले. तेव्हा आईच्या लुगड्याचा फाडलेला काठ हा त्या बाईचा वारसा आहे, आणि तो तिने गोधडीच्या वरच्या थरात, सर्वांना दिसेल असा शिवला आहे. कोणता तुकडा वर आणि कोणता आत, याला अर्थ असतो. विचारल्याशिवाय तो कळत नाही.

६.६ ‘मायेची ऊब’ आणि लेखनाची अडचण

गोधडीविषयी लिहावयास सांगितले, की दहापैकी आठ उत्तरपत्रिकांत ‘मायेची ऊब’ हे शब्द येतात. हे शब्द खोटे नाहीत. पण ते इतक्या वेळा वापरले गेले आहेत, की आता त्यांच्या मागे कोणती विशिष्ट गोधडी दिसत नाही. कोणतीही आजी, कोणतेही घर, कोणतीही गोधडी तेथे बसवता येते. नोंद लिहिताना हीच खरी अडचण आहे. पुढील दोन परिच्छेद वाचा.

पहिला : ‘माझ्या आजीची गोधडी म्हणजे मायेचा सागरच होता. तिच्या प्रत्येक टाक्यात आजीचे प्रेम भरलेले होते. ती पांघरली की जगातील सारी दुःखे विसरून जात असू. आज आजी नाही, पण तिची मायेची ऊब कायम आहे.’

दुसरा : ‘ही गोधडी सहा फूट लांब व साडेचार फूट रुंद आहे. वरच्या बाजूस मध्ये हिरवे पातळ असून भोवती तांबडा काठ फिरवला आहे. काठ तीन बाजूंना आहे. चौथ्या बाजूस तो पुरला नाही म्हणून तेथे पांढऱ्या धोतराची पट्टी आहे. टाके डाव्या अंगाला बारीक व सारखे आहेत. उजव्या अंगाला ते लांब व वाकडे आहेत, कारण आजीला त्या वर्षी दिसेनासे झाले आणि उरलेला भाग माझ्या आईने पुरा केला. आईला शिवणाची आवड नव्हती.’

दुसऱ्या परिच्छेदात प्रेम हा शब्द नाही. तरी तीन बाजूंना पुरलेला काठ, अर्ध्यावर गेलेली दृष्टी आणि नावडते काम पुरे करणारी सून वाचकाच्या डोळ्यांपुढे राहतात. अशा नोंदीवरून पुढे ललित लेख, कथा, कविता काहीही होऊ शकेल. पहिल्या परिच्छेदावरून फक्त तसाच दुसरा परिच्छेद होईल. घरगुती अनुभव साध्या, उघड भाषेत लिहून मोठे साहित्य कसे होते, हे पाहावयाचे असेल तर लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा एकदा वाचावीत. त्यात सोवळेओवळे, भांडीकुंडी, रुसवेफुगवे यांचे तपशील आहेत आणि त्या तपशिलांना लेखिकेने कोठेही गोड केलेले नाही.

आजच्या गोधडीविषयीही तटस्थपणे लिहावे. नायलॉन व पॉलिएस्टर आल्यापासून घरात सुती जुनेर कमी झाले. सुळसुळीत कापडाचे थर एकमेकांवरून सरकतात, घाम शोषत नाहीत आणि लवकर विरतही नाहीत. सोलापुरी चादरी व गिरणीत तयार होणारी ब्लँकेटे स्वस्त मिळू लागल्यावर गोधडीची निकड संपली. दारोदार फिरून मजुरीवर गोधड्या शिवून देणाऱ्या स्त्रिया शहरांत अजून दिसतात. काही बचत गट नव्या कापडाच्या, यंत्रावर शिवलेल्या गोधड्या विकतात. त्यांतून स्त्रियांच्या हाती पैसा येतो, ही बाब लहान नाही. मात्र नव्या कापडाची गोधडी ही वेगळी वस्तू आहे, एवढे भान नोंद लिहिताना ठेवावे. तिच्याविषयी विचारायचे प्रश्नही वेगळे असतील : कापड कोठून आले, एका गोधडीचे किती मिळतात, आणि ते पैसे घरात कोणाच्या हाती जातात?

६.७ क्षेत्रकार्य

आपल्या किंवा नात्यातील घरातील एक गोधडी निवडा. ती शिवणारी स्त्री हयात असेल तर तिच्याजवळ बसूनच हे काम करावे. ती नसेल, तर जिने तिला शिवताना पाहिले आहे अशा व्यक्तीला गाठा. काम पुढील सत्रावर ढकलू नये.

आरंभी गोधडी पूर्ण पसरून तिचे मोजमाप घ्या आणि वहीच्या एका पानावर तिचा आराखडा काढून प्रत्येक तुकड्याला क्रमांक द्या. छायाचित्र काढले तरी आराखडा काढाच, कारण काढताना नजर ज्या जागी थांबते तेथे छायाचित्रात ती थांबत नाही. नंतर क्रमांकाने एकेक तुकड्याविषयी विचारा. ‘शिवताना तुम्हाला काय वाटत होते?’ असा प्रश्न विचारू नका. त्याचे उत्तर बहुधा ‘काय वाटायचंय?’ असेच येईल. ‘हे कापड कोणाचे?’, ‘हे आत का घातले नाही?’, ‘सुई कोठून आणायची?’, ‘शेजारी कोण बसायचे?’, ‘या जागी टाका का बदलला?’ असे हाताशी निगडित प्रश्न विचारा. उत्तर ज्या बोलीत मिळेल त्याच बोलीत लिहा. ‘न्हेलं’ असे ऐकले असेल तर ‘नेले’ असे सुधारून लिहू नये. आतले थर पाहण्यासाठी गोधडी उसवू नका. कड कोठे सुटली असेल तर तेवढ्यातून जे दिसेल ते पुरे.

एक पथ्य कटाक्षाने पाळावे. तुकड्यांविषयी बोलताना घरातल्या वाटण्या, भांडणे, मृत्यू, सोडून गेलेली माणसे यांच्या गोष्टी निघतात. त्या आपल्याला सांगितल्या म्हणजे अभ्यासकेंद्राला सांगितल्या असे होत नाही. लिहिलेली नोंद त्या व्यक्तीला वाचून दाखवा आणि ती म्हणेल तो मजकूर गाळा. गाळल्याने गुण कमी होणार नाहीत. ज्या तुकड्याविषयी ती बोलू इच्छित नाही, त्याच्या क्रमांकापुढे ‘सांगितले नाही’ एवढेच लिहावे.

नोंद साधारणपणे ८०० शब्दांची असावी. सोबत आराखडा व आपल्या भागातील किमान दहा शब्दांची यादी अर्थासह जोडावी. नोंदीची एक प्रत अभ्यासकेंद्रावर द्या. दुसरी प्रत त्याच गोधडीच्या घडीत ठेवा.